संघ अनेक, खेळाडू एक

प्रस्तावना

चंद्रशेखर त्रिंबक तथा चंदू सरवटे यांचा कसोटी हिशेब एका ओळीत मावतो : ९ सामने, २०८ धावा, ३ बळी. एवढ्यावरच निकाल द्यायचा म्हटला तर पुढे बोलायला काही उरत नाही. पण याच गृहस्थांनी प्रथम श्रेणीचे १७१ सामने खेळले, त्यांत ७,४३० धावा काढल्या, १४ शतके ठोकली आणि वर ४९४ बळी घेतले. मध्य प्रांत व वऱ्हाड, महाराष्ट्र, मुंबई, होळकर, मध्य भारत, मध्य प्रदेश, विदर्भ अशा संघांच्या यादीत त्यांचे नाव सापडते. पंचरंगी सामन्यांतला हिंदूंचा संघ आणखी वेगळा. पेशाने ते वकील होते आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. स्वतःची २४६ धावांची खेळी आणि गुन्हेगाराचा अंगठा या दोन्हींचा सारख्याच अधिकाराने विचार करणारा दुसरा क्रिकेटपटू मला तरी ठाऊक नाही.

हे पुस्तक सरवट्यांसारख्यांचे आहे. एका संघात जन्म काढून दंतकथा झालेल्यांची चरित्रे मराठीत पुष्कळ आहेत. आज इथे तर उद्या तिथे खेळणारा, संघाला हवा असेल ते करून देणारा, सलामीला जा म्हटले की जाणारा आणि दहाव्या क्रमांकावर थांब म्हटले की थांबणारा जो फिरस्ता खेळाडू, त्याच्या वाट्याला मात्र स्मरणरंजनातला एखादा किस्सा येतो. त्याची अख्खी कारकीर्द सलग वाचायची सवय आपल्याला लागलेली नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलला ही सवय आहे. तिथे बोबो न्यूसम नावाचा गोलंदाज १९२९ ते १९५३ या काळात नऊ क्लबांकडून खेळला, त्यांतल्या वॉशिंग्टनकडे तर पाच वेळा आला-गेला. त्याने २११ सामने जिंकले आणि २२२ हरले. इतक्या संघांत इतक्या लोकांची नावे लक्षात ठेवायची कटकट नको म्हणून तो भेटेल त्याला ‘बोबो’ म्हणे, आणि स्वतःलाही. जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा असलेल्या या माणसावर तिकडे आजही प्रेमाने लिहिले जाते. पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. न्यूसमच्या काळात क्लब खेळाडूला न विचारता विकू शकत असे, त्याच्या भटकंतीमागे मालकांचा व्यवहार होता. आपल्याकडचा फिरस्ता वेगवेगळ्या कारणांनी फिरला आणि ती कारणे दर पिढीला बदलत गेली. त्या कारणांचा माग काढला की भारतीय क्रिकेट कुणाच्या पैशावर चालत आले, याचा इतिहास आपोआप हाती लागतो.

पहिला काळ संस्थानांचा. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली तेव्हा क्रिकेटवर पोट भरणे ही कल्पनाच नव्हती. पोट भरायचे ते राजाश्रयावर. बडोदे, होळकर, नवानगर या दरबारांना चांगला संघ ही प्रतिष्ठेची बाब वाटे, आणि खेळाडूला नोकरी, हुद्दा, राहायला जागा मिळे. सांगलीत जन्मलेले विजय हजारे महाराष्ट्र आणि मध्य भारतातून बडोद्याला स्थिरावले ते याच वाटेने. नागपूरचे सी. के. नायडू होळकरांच्या लष्करात कर्नल झाले आणि इंदूरच्या संघाचे कर्णधारही. त्यांनी हिंडून-फिरून माणसे जमवली. मुश्ताक अली घरचेच, सी. के. यांचे धाकटे बंधू सी. एस., कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आणि सरवटे बाहेरचे. महायुद्धाच्या काळात महूच्या छावणीत नेमणूक असलेल्या डेनिस कॉम्प्टनलाही त्यांनी संघात घेतले.

१९४४-४५ चा मुंबईविरुद्धचा अंतिम सामना या दरबारी क्रिकेटचा नमुना म्हणून वाचण्याजोगा आहे. एकूण २,०७८ धावा झाल्या. विजय मर्चंटने २७८ केल्या. सी. एस. नायडूंनी सामन्यात ९१७ चेंडू टाकले, आणि इतके चेंडू एका सामन्यात दुसऱ्या कुणीही टाकलेले नाहीत. कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला तरी होळकर ३७४ धावांनी हरले. इंदूरच्या एका धनिकाने शंभरीनंतरच्या प्रत्येक धावेला ५० रुपये कबूल केले होते, पण सामना संपल्यावर तो तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला निघून गेल्याचा निरोप तेवढा मिळाला, असा किस्सा कॉम्प्टनच्या नावावर सांगितला जातो. फिरस्त्याच्या धंद्यातला हा कायमचा धोका : धावा आधी, पैसे नंतर.

तरीही ही व्यवस्था फळली. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत पोचला आणि चार वेळा रणजी करंडक घेऊन आला. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध त्यांनी ८ बाद ९१२ वर डाव सोडला. एका डावात सहा जणांची शतके झाली : भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग. सरवट्यांचे शतक १०१ चे होते, पण त्याआधीच म्हैसूरचा पहिला डाव ६१ धावांत ९ बळी घेऊन त्यांनी गुंडाळला होता. फिरकीने सामना फोडायचा आणि मग फलंदाजीला जाऊन शंभरी गाठायची, ही कामगिरी दुसऱ्या कुणाची असती तर शालेय पुस्तकात धडा झाला असता. इथे मात्र ती सहा शतकांच्या गर्दीत हरवली. नेहमीच कामाला येणाऱ्या माणसाचे असेच होते. अंगणातल्या जात्यासारखे त्याच्याकडे कुणी मुद्दाम बघत नाही.

सरवट्यांचे नाव जगभर गेले ते एकाच दिवसामुळे. १९४६ च्या मे महिन्यात भारतीय संघ ओव्हलवर सरेशी खेळत होता. आलेक बेडसर पूर्ण भरात होता. ९ बाद २०५ अशी अवस्था झाली तेव्हा एका टोकाला सरवटे होते आणि अकराव्या क्रमांकाचे शुटे बॅनर्जी मैदानात उतरले. प्रेक्षक डाव संपायची वाट बघत होते. त्यानंतर हे दोघे तीन तासांच्या वर खेळत राहिले. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१, भागीदारी २४९. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोन्ही फलंदाजांनी एकाच डावात शतके झळकावल्याचे प्रथम श्रेणीत हे एकमेव उदाहरण. याच सामन्यात सी. एस. नायडूंनी हॅटट्रिक घेतली आणि दुसऱ्या डावात सरवट्यांनी पाच बळी टिपले. या भागीदारीकडे आपण चमत्कार म्हणून बघतो. पण सरवटे काही शेपटातले फलंदाज नव्हते. आपल्या प्रांतात ते सलामीलाही जात, मधल्या फळीतही खेळत. त्या दौऱ्यावर संघात फलंदाजांची रेलचेल होती म्हणून त्यांना दहावी जागा आली. दीड वर्षाने मेलबर्नला त्यांनाच विनू मंकडबरोबर सलामीला पाठवले आणि दोघांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२४ धावांची सलामी दिली. मंकडने ११६ केल्या, सरवट्यांनी ३६. दहावा आणि पहिला हे दोन्ही क्रमांक एकाच माणसाला देणाऱ्या व्यवस्थेत कसोटीचा हिशेब तुटपुंजा राहिला, यात नवल कसले?

आता या कारकिर्दीचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. सरवट्यांच्या संघांची यादी वाचताना वाटते की हा माणूस पायाला भिंगरी लावून फिरला. प्रत्यक्षात त्यांतले काही बदल त्यांनी इंदूरचे घर न सोडता केले. होळकर संस्थान विलीन झाले, संघही पुढे मध्य भारत झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि मध्य भारत मध्य प्रदेशात मिसळला. त्याच दिवशी विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत विदर्भाचा वेगळा संघ उतरला. खेळाडू फिरला असे आपण म्हणतो, पण त्याच्या पायाखालचा नकाशाच फिरत होता. भारतीय संघराज्य कसे घडले हे शिकवायला एखाद्या शिक्षकाने सरवट्यांची संघयादी फळ्यावर लिहिली तर तास रंगेल.

हे मी हेमलकशात बसून लिहितो आहे, म्हणून मला ते विशेष जाणवते. सरवट्यांचा जन्म १९२० चा, सागरचा. १९३६-३७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडकडून ते पहिल्यांदा मोठे क्रिकेट खेळले. तो प्रांत म्हणजे सागरपासून आमच्या भामरागडच्या जंगलापर्यंत पसरलेला एकच कारभार. तेव्हा हा मुलूख चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. कागदावर सरवटे आमच्याच प्रांताकडून खेळत होते. त्यांच्या खेळाची बातमी पर्लकोटा नदी ओलांडून इथल्या माडिया पाड्यांवर कधी पोचली असेल असे मात्र मला वाटत नाही. प्रांताचा संघ म्हणजे प्रांताच्या मुख्य शहराचा संघ, ही तेव्हाची रीत होती. ती आजही पुरती गेलेली नाही.

दुसरा काळ नोकऱ्यांचा. संस्थाने गेली आणि राजाश्रयाची जागा कचेरीने घेतली. रेल्वे, सेनादले, बँका, टाटा, मफतलाल, निर्लॉन. मुंबईत टाइम्स शील्ड ही कचेऱ्यांची स्पर्धा रणजीच्या तोडीने खेळली जाऊ लागली. खेळाडूची बदली झाली की संघ बदले. भाऊसाहेब निंबाळकर हे या दोन काळांमधला दुवा. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, राजस्थान आणि शेवटी रेल्वे असा त्यांचा प्रवास झाला. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा तेव्हाचा विश्वविक्रम नऊ धावांवर होता. काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. एवढी धावसंख्या नावावर असलेला हा फलंदाज एकही कसोटी खेळला नाही. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च खेळी अजूनही हीच.

तिसरा काळ आपल्या डोळ्यांदेखतचा : व्यावसायिक पाहुण्यांचा. राज्य संघटनांना बाहेरचे मोजके खेळाडू घेण्याची मुभा मिळाली आणि मुंबई-कर्नाटकात जागा न उरलेल्या मोहऱ्यांना आसाम, आंध्र, त्रिपुरा, विदर्भ इथे दारे उघडली. साईराज बहुतुले हे या काळाचे अस्सल उदाहरण. १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये सचिन-कांबळींनी ६६४ ची भागीदारी केली तेव्हा समोर गोलंदाजी करणाऱ्यांत तेही होते. पुढे त्यांनी मुंबईसह महाराष्ट्र, आंध्र, आसाम, विदर्भ यांच्याकडून खेळताना प्रथम श्रेणीत एकूण ६३० बळी घेतले आणि सहा हजारांवर धावा काढल्या. कसोट्या मिळाल्या दोन. मुंबईचेच चंद्रकांत पंडित आसाम आणि मध्य प्रदेशाकडून खेळले आणि नंतर प्रशिक्षक म्हणून विदर्भाला दोनदा व मध्य प्रदेशाला एकदा रणजी जिंकून देऊन गेले. वासिम जाफर २०१५-१६ पासून विदर्भाकडून खेळू लागला. १ जानेवारी २०१८ ला विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा विजयी चौकार त्याचाच होता. सामना झाला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर.

चौथा काळ लिलावाचा. २००८ पासून आयपीएलमुळे दर काही वर्षांनी अर्धा संघ बदलणे ही मामुली गोष्ट झाली. प्रवीण तांबे मुंबईच्या मैदानांवर आणि कचेरी क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षे खेळत राहिले आणि २०१३ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, प्रथम श्रेणीचा एकही सामना न खेळता राजस्थानकडून थेट आयपीएलमध्ये उतरले. पुढच्या वर्षी त्यांनी कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक घेतली आणि ४८ व्या वर्षी ते वेस्ट इंडीजमधल्या लीगमध्ये त्रिनबागोकडून खेळले. सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली किरण नवगिरे भालाफेक करता करता क्रिकेटकडे आली, नागालँडकडून पाहुणी म्हणून खेळली आणि २०२२ मध्ये टी-ट्वेंटीत नाबाद १६२ धावा करून सर्वांचे लक्ष वेधून भारताच्या संघात पोचली. महिला प्रीमियर लीगमध्ये तिच्या बॅटवर प्रायोजकाचा शिक्का नव्हता. तिने स्केचपेनने धोनीची अक्षरे आणि आकडा लिहिला होता. ही यादी पुरुषांपुरती ठेवून चालणार नाही, हे या पुस्तकाने ओळखले आहे.

मराठीत क्रिकेटवर कमी लिहिले गेले आहे असे कुणी म्हणू नये. बाळ ज. पंडितांनी धावत्या समालोचनाला मराठी दिली, वि. वि. करमरकरांनी वर्तमानपत्रात क्रीडा पानाला मानाची जागा मिळवून दिली, शिरीष कणेकरांनी खेळाडूंना मैफलीत आणून बसवले, द्वारकानाथ संझगिरींनी सामन्याला कादंबरीचा वेग दिला. या सगळ्यांचे ऋण मान्य करूनही सांगावेसे वाटते की आपल्या क्रिकेटलेखनाचे तीन मोठे प्रवाह राहिले : भक्तीचा, आकड्यांचा आणि आठवणींचा. भक्तीला दैवत लागते, फिरस्ता दैवत होत नाही. आकडेवारीला कसोटी हीच अंतिम कसोटी वाटते. आठवणीत तो येतो, पण विनोदापुरता. चौथा प्रवाह म्हणजे खेळाडूच्या पोटापाण्याचा, बदल्यांचा, भाड्याच्या खोल्यांचा आणि एनओसीच्या कागदांचा. तो आपल्याकडे क्षीण आहे, आणि हा संग्रह त्यात भर घालतो.

आज याची गरज का? लिलावाची चर्चा घरोघरी होते म्हणून नव्हे. फिरस्तेपणा आता गावापर्यंत पोचला आहे म्हणून. धानकापणी आटोपली की अहेरी, एटापल्ली, भामरागड या पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. बांध फोडून सपाट केलेल्या बांदीत खेळपट्टी आखतात, बांबूवर भोंगा बांधतात, आणि ज्या गावाकडे वर्गणी जरा बरी जमते ते गाव बाहेरचा प्लेअर आणते. त्याचा करार तोंडी असतो : मोटारसायकलचे पेट्रोल, दुपारी कोंबडीचे जेवण, आणि अंतिम सामना जिंकला तर बक्षिसातला वाटा. हाच बोलर पुढच्या रविवारी नदीपलीकडच्या गावाकडून खेळताना दिसतो आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही. भोंग्यावरचा निवेदक त्याच्या नावाआधी त्या दिवसाच्या गावाचे नाव जोडतो, एवढेच. होळकरांच्या दरबारात आणि या बांदीत पैशाचा फरक जमीन-अस्मानाचा आहे. व्यवहार मात्र ओळखीचा आहे.

यावर आक्षेप येतात आणि ते खोटे नाहीत. बाहेरचा आला की गावच्या पोराची जागा जाते. विदर्भातही हे ऐकू येई. जाफर, गणेश सतीश, नंतर करुण नायर यांना घेताना स्थानिक मुलांनी करायचे काय, असा सवाल होता. उत्तर मैदानावर मिळाले, पण ते एका ओळीचे नाही. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी आणि कर्णधार फैज फजल विदर्भाचेच. २०२४-२५ मध्ये नायरने हंगामात ८६३ धावा केल्या, अंतिम सामन्यात शतक ठोकले आणि भारतीय संघात पुनरागमन केले. पण त्याच हंगामात ६९ बळींचा स्पर्धेतला विक्रम करणारा हर्ष दुबे इथलाच. पाहुण्याच्या शेजारी उभे राहून घरचा मुलगा शिकतो, हे खरे. त्याच वेळी संघाबाहेर राहिलेल्या ज्या मुलाचे नाव कुठल्याच धावफलकात आले नाही, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, हेही खरे. या संग्रहातले लेख एकाच सुरात बोलत नाहीत, याचे कारण हेच. पाहुण्यांचे कौतुक आणि त्यांच्यामुळे बसलेली कात्री, दोन्ही इथे आहेत.

पुस्तकाची मांडणी कीर्तीच्या क्रमाने नाही. प्रत्येक खेळाडूला इथे तेच चार प्रश्न विचारले आहेत : पगार कोण देत होते, घर कुठे होते, संघ का बदलला, आणि मागे काय ठेवले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दरबार, कचेरी, संघटना, फ्रँचायझी असे बदलत जाते. दुसऱ्याचे उत्तर अनेकदा धक्का देते, कारण संघ पाच असले तरी घर एकच असते. तिसऱ्यात रुसवेफुगवे, निवड समित्या, दुखापती आणि राज्यांच्या सीमा येतात. चौथे सर्वांत अवघड. आकड्यांत ते दिसत नाही, शिष्यांत दिसते. ज्यांच्याविषयी खात्रीलायक माहिती मिळाली नाही त्यांच्यावर लेख लिहिलेला नाही. दंतकथेला दंतकथा म्हटले आहे. संपूर्ण इतिहासाचा दावा पुस्तक करत नाही आणि कुणाला मरणोत्तर मोठे करण्याचा अट्टहासही नाही. न्यूसम २२२ सामने हरला होता, ते हरलेलेच राहणार. सरवट्यांचे कसोटी बळी तीनच राहणार.

पण त्या तीन बळींच्या पलीकडे एक गोष्ट आहे. २००३ मध्ये इंदूरला वारलेले सरवटे १९८३ चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्या समितीत होते. तो संघ जिंकला तो एकट्यादुकट्याच्या शतकांवर नव्हे. थोडी गोलंदाजी आणि थोडी फलंदाजी करणारे, कुठल्याही क्रमांकावर उतरणारे मदनलाल, रॉजर बिन्नी, मोहिंदर अमरनाथ असे खेळाडू त्यात भरपूर होते. सरवट्यांच्या मताने त्यातले कोण आले हे कुणी सांगू शकणार नाही, आणि मी तसा दावा करणार नाही. एवढे मात्र म्हणता येते की अशा खेळाडूची किंमत काय असते हे समितीत बसलेल्या एका माणसाला स्वतःच्या कारकिर्दीवरून पक्के ठाऊक होते.

वाचकाला एकच सुचवणे. हे पुस्तक वाचून झाले की पुढच्या रणजी हंगामातला कुठल्याही दोन संघांचा धावफलक घ्या आणि प्रत्येक नावापुढे त्याचा आधीचा संघ लिहून काढा. कुठले राज्य खेळाडू घडवते, कुठले ते विकत घेते आणि कुठल्या जिल्ह्यातून अजून एकही नाव येत नाही, हे अर्ध्या तासात कळेल. त्या शेवटच्या यादीत आमचा जिल्हा असेल, तर त्याची कारणे शोधण्याचे काम पुढच्या पुस्तकाने हाती घ्यावे.

हेमलकसा, ता. भामरागड, जि. गडचिरोली